दगडात राहिलेली वीज

औंढ्याच्या वाटेवर काळ्या दगडाची एक टेकडी आहे. तिच्यावर किसन नावाचा शेतकरी भरदुपारी मरून पडला. त्याचा जीव विजेने घेतला, की आणखी कोणी? हा लेख मी या एकाच प्रश्नासाठी लिहीत आहे. या प्रश्नाशी बशीर मास्तरांचे नाव जोडलेले आहे आणि माझेही. मास्तर आता नाहीत, म्हणून जे घडले ते क्रमाने सांगण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

ते गेल्याची वार्ता आली तेव्हा मी वर्गात होतो. फळ्यावर लोहचुंबक काढून त्याच्या भोवतीच्या बलरेषा आखत होतो. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "बशीर मास्तर गेले... पहाटं. ताप उतरलाच न्हाई." हातातली रेषा एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाकडे वळत होती. ती अर्धी सोडता येईना. ती पूर्ण केली आणि मग खुर्चीवर बसलो.

हिंगोलीच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवीत आणि मी गणित. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. होकायंत्राला पुस्तकात कुतुबनुमा म्हणत आणि विजेला बर्क. मास्तर मात्र धडा संपला की पुस्तक मिटून ठेवीत आणि मुलांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. विद्युत आणि चुंबकत्व यांचा इतिहास ते एकाही शास्त्रज्ञाचे नाव न घेता सांगत. "नावं पाठ करून इम्तिहान पास होतो, समजत काईच न्हाई," असे त्यांचे म्हणणे. मोरचुदाच्या पाण्यात तांब्याचा आणि जस्ताचा पत्रा बुडवून ते विद्युतघट तयार करीत, होकायंत्रावर तार धरीत आणि तिची टोके जोडीत. सुई झटकन वळे. डेन्मार्कच्या एका प्राध्यापकाला हे प्रथम दिसले, तोवर वीज आणि चुंबक ही दोन निराळी घराणी समजली जात, इतके सांगून ते थांबत. मग अगदी हळू आवाजात विचारीत, "तार सुईला शिवली न्हाई. मंग सुई काहून फिरली? मधी कोन हाय?" मुले तार आणि सुई यांच्या मधल्या जागेकडे टक लावून पाहत. त्या रिकाम्या जागेचा धाक मी मोठ्या माणसांच्या तोंडावरही पाहिला आहे.

पुढचा इतिहास ते याच प्रश्नाच्या मागे मागे नेत. लंडनमध्ये पुस्तकबांधणीचे काम शिकलेल्या एका माणसाने उलट विचारले: विजेने चुंबक होतो, तर चुंबकाने वीज का होऊ नये? तारेच्या वेटोळ्यात त्याने चुंबक हलवला आणि वीज वाहिली. त्यानेच सांगितले की मधली जागा रिकामी नाही, ती रेषांनी भरलेली आहे. स्कॉटलंडच्या एका गणितीने त्या रेषा समीकरणांत बसवल्या, आणि त्याच्या गणितातून निघालेल्या लाटेचा वेग प्रकाशाच्या वेगाइतका भरला. पुढे एका जर्मन माणसाने खोलीच्या एका टोकाला ठिणगी पाडली, तेव्हा दुसऱ्या टोकाच्या तुटक्या कड्यात आपोआप ठिणगी पडली. गावात पहिला रेडिओ आला तेव्हा मास्तर त्याच्याकडे न पाहता त्याच्या भोवतीच्या हवेकडे पाहत बसले होते, हे मला नीट आठवते.

एका उन्हाळ्यात त्यांनी टेकडीची पाहणी करायचे ठरवले. आपल्या काळ्या दगडात लोहाचा अंश असतो, त्यामुळे तो होकायंत्राला किती फसवतो हे त्यांना मोजायचे होते. दगडांना चुन्याने आकडे घातले. पूर्वेकडचे तीस त्यांनी घेतले, पश्चिमेकडचे तीस मला दिले. आता चूक कोठे झाली ते सांगतो. शाळेतल्या प्रयोगवह्या कशा भरल्या जातात हे त्या काळच्या प्रत्येक मास्तराला ठाऊक आहे: उत्तर आधी माहीत असते, आकडे मागून लिहिले जातात. ऊन फार होते. पहिल्या पाच दगडांवर सुईने काही वावगे दाखवले नाही. उरलेल्या पंचवीस दगडांच्या नोंदी मी पळसाच्या सावलीत बसून भरल्या. प्रत्येकापुढे लिहिले: फरक शून्य. वही पाहून मास्तर हसले. "पंतोजी, तुमची सुई लई गुणी. जराबी थरथरत न्हाई." मला ती शाबासकी वाटली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी किसन माझ्या वाट्याच्या चौदाव्या दगडावर मेलेला सापडला. अंगावर जखम नव्हती, भाजल्याची खूणही नव्हती. ढग होते ते दूर पूर्णा नदीच्या अंगाला. टेकडीवर लख्ख ऊन होते. त्याची बायको गयाबाई दुपारी भाकरी देऊन परतली होती, एवढेच लोकांना दिसले होते. तिचा दीर मारुती चावडीवर ओरडून सांगत होता, "भाकरीत घातलं हिनं. न्हाईतर करनी केली. आभाळ कोरडं असताना वीज कुठून येती?" पाटलांनी तिला ठाण्यावर पाठवायचे ठरवलेच होते. तिच्या कडेवर दीड वर्षाचे लेकरू होते.

जहाजावर वीज पडली की त्यावरचे होकायंत्र उलटे फिरते, हे खलाशांना फार पूर्वीपासून माहीत होते. मास्तर हे वर्गात सांगत, आणि वीज पडते तिथल्या लोहात चुंबकत्व ठेवून जाते, असेही सांगत. ते पाटलांकडे गेले आणि म्हणाले, "तकलीफ देतो, पन एकडाव टेकडीवर चला." भरदुपारी पंचांसह पाचपंचवीस माणसे वर चढली. दहाव्या, अकराव्या, बाराव्या दगडाशी सुई जवळजवळ सरळ होती. चौदाव्यापाशी ती हलली. मास्तर यंत्र हातात धरून दगडाभोवती एकेक पाऊल टाकू लागले, तशी सुई त्यांच्याबरोबर फिरू लागली. जणू दगडाच्या आत कोणीतरी तेवढ्याच संथपणे चालत होते. वारा नव्हता. मारुती दोन पावले मागे सरकला. पाटलांनी आधी पागोटे काढले, मग चपला काढल्या.

"दगडात आधीपासूनच असं असंल तर?" पाटलांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. मास्तरांनी माझी वही उघडली. चौदावा दगड, किसन मेला त्याच्या पंधरा दिवस आधी, फरक शून्य. "पंतोजी, हे तुमीच मोजलं ना?" त्यांनी सर्वांसमोर विचारले. गयाबाई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "हो."

गयाबाई सुटली. तिचे घर राहिले, वावर राहिले. त्या दिवसापासून माझ्या मनाची जी अवस्था झाली ती कोणाला दिसली नाही. वीज दगडाला जे देते ते पुढे फार काळ टिकते. ती शंभर वर्षांपूर्वी पडली, की त्याच दुपारी, हे सुई सांगू शकत नाही. ते फक्त माझी वही सांगत होती, आणि ती खोटी होती. मग किसनला कोणी मारले? आठवडी बाजारात गयाबाई दिसली की मी वाट बदलत असे. एकदा तिने पदराआडून दोन भाकरी माझ्यापुढे धरल्या, "मास्तर, घ्या." मी घेतल्या, आणि गावाबाहेर येऊन त्या हातात धरून कितीतरी वेळ उभा राहिलो... खाल्ल्या नाहीत. बशीर मास्तरांजवळ मी दहा वर्षे या गोष्टीविषयी अवाक्षर काढले नाही. तेही बोलले नाहीत. मात्र त्यानंतर माझ्या एकाही नोंदीवर त्यांनी विनोद केला नाही.

त्यांच्या चाळिसाव्याचा विधी आटोपल्यावर मी गयाबाईकडे गेलो. लेकरू आता बारा वर्षांचे होत आले होते आणि शेतावर गेले होते. मी उभ्यानेच सांगितले की मी त्या दगडापर्यंत गेलोच नव्हतो. ती ज्वारी पाखडत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"कसं काय?"

"बशीर मास्तर आले व्हते. पंच उठले त्याच्या तिसऱ्या दिशी. म्हनले, माझ्या वहीत सुई हरेक दगडाशी जरा जरा हालती, पंतोजीच्या वहीत हालतच न्हाई. पंतोजी गेलाच नसंल. मंग मला इचारलं, बाई, खरं सांग, काय झालं? मी म्हनलं, मास्तर, म्या न्हाई काई केलं. तर म्हनले, मला तुझ्यावर बी इश्वास ठेवायचा न्हाई अन् त्याच्यावर बी. किसनच्या हातात काय व्हतं त्या टायमाला?"

सूप खाली ठेवून ती आत गेली आणि मला बोलावले. खोलीत अंधूक उजेड होता. भिंतीवर खुंटीला कुऱ्हाड टांगलेली होती. तिच्या पात्यावर गोधडीच्या सात-आठ सुया टोकावर उभ्या होत्या. मी दारात पाऊल टाकले तेव्हा त्या बारीक थरथरल्या.

"हीच कुराड घेऊन शेरड्यांला पाला तोडाया गेला व्हता. त्याच दिशी सकाळी लव्हाराकडून लाल करून, धार लावून आनली व्हती," ती म्हणाली. "मास्तरांनी पात्याला सुई लावली, ती चिकटली; मंग लव्हाराकडं जाऊन इचारून आले. म्हनले, भट्टीत लोखंड सगळं इसरतं. ह्या कुराडीला सुई धरायचं भट्टीच्या मागून, त्याच दिशी कळालं. मंग इथंच बसले अन् रडले. दर साली पाऊसकाळ सरला की यायचे, एक सुई लावून बघायचे, चहा पिऊन जायचे. तुमाला सांगू नको म्हनले."

"काहून?"

"म्हनले, त्याचं त्यानं येऊ दे."

तिने हे सारे छापायला परवानगी दिली आहे. मी तिला दोनदा विचारले. "लिवा," ती म्हणाली, "पन कुराडीवरच्या सुया माझ्या हायत, तेबी लिवा. हितं ठेवल्या की हरवत न्हाईत."

विजेच्या तडाख्याने पेटीतल्या सुऱ्यांना चुंबकत्व आल्याची जुनी हकिकत विलायतेच्या पुस्तकांत आहे. लोखंड तांबडेलाल तापले की त्यातले चुंबकत्व जाते, आणि दूरच्या ढगातली वीज कधी कोसांवरच्या उन्हात येऊन पडते, हेही पुस्तकांत आहे. घणाच्या ठोक्यांनी लोखंडात थोडे चुंबकत्व येऊ शकते, ही शंका मी स्वतः घेतली आणि त्याच लोहाराच्या तीन नव्या कुऱ्हाडींना सुई लावून पाहिली; एकीनेही ती उचलली नाही. म्हणून माझे उत्तर असे, की किसनचा जीव विजेने घेतला. परंतु या विषयात माझा शब्द एकदा खोटा ठरलेला आहे. वाचकांना विनंती आहे की त्यांनी तो प्रमाण मानू नये. खिशात एक सुई घेऊन गयाबाईकडे जावे, ती पात्याला लावून स्वतः पाहावे, आणि जे दिसेल तेवढेच लिहून ठेवावे.