अहवालातली ओळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

परतूरला आमच्या संस्थेची मुलींसाठी अभ्यासिका होती आणि मी खजिनदार होतो. लसूण विकणारी एक बाई दर बाजाराच्या दिवशी यायची आणि पदराची गाठ सोडून पन्नास रुपये टेबलावर ठेवायची. "भाऊ, पोरींच्या लाइटीला."

शंभरच्या आतल्या रकमेची पावती आम्ही फाडत नसू. वर्षाअखेरी तिचे पैसे मी अध्यक्षांच्या देणगीत मिळवायचो, म्हणजे आकडा भरीव दिसायचा. पुढे अनुदान थांबलं. अध्यक्षही देईनासे झाले. बाई येत राहिली आणि देणगी अध्यक्षांच्याच नावावर पडत राहिली.

एकदा छापील अहवाल उलटसुलट करून ती म्हणाली, "मंग यात माझं नाव कुठं हाय? नातीला दाखवायचंय."

मी अध्यक्षांच्या नावावर बोट ठेवलं. तिनं त्या ओळीवरून अंगठा फिरवला, "बराबर," म्हणाली आणि अहवाल घडी करून नेला.

नातीला वाचता येत होतं. बाई पुन्हा आली नाही. त्या महिन्यापासून लाइटबिल थकलं. मी बाजारात गेलो, पण कुणाच्या नावानं चौकशी करायची तेच मला ठाऊक नव्हतं.

बाई, ते नाव तुमचं नव्हतं. तुमचं मी कधी विचारलंच नाही. माझं चुकलं.