खाली बसायला जागा

बदलापूरचं घर घेताना आईने एकच प्रश्न विचारला होता, "खाली बसायला जागा आहे ना?" बिल्डरच्या माणसाने लगेच टेबलावर नकाशा पसरला. मधोमध हिरवा चौकोन, त्यात गोल गोल झाडं, कडेला बाकं. भोवती इमारती आणि रस्त्याच्या अंगाला दुकानं, गिरणी, दवाखाना. "काकू, सगळं खालीच. कुठे जायलाच नको," तो म्हणाला. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. कागदावर रेघ सरळ असली की यंत्र चालणारच, असा त्यांचा ठाम समज. आई मात्र बराच वेळ त्या बाकांकडे बघत राहिली आणि मग हो म्हणाली.

तोवर आम्ही विठ्ठलवाडीच्या चाळीत राहत होतो. चाळीपुढे अंगण होतं. अंगण कसलं, गटार आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली मोकळी जमीन आणि एक बदामाचं झाड. दुपारी बायका तिथे चटया टाकायच्या. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या शिलाई कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापून परत पाठवायचे. हात पँटीवर आणि तोंड सुनांवर. नव्या कापडाचा रंग लागून आईची बोटं कायम निळसर असायची. त्या कामात फार काही सुटत नव्हतं, पण घरातली सगळी कटकट ती त्या दुपारच्या जोरावर सोसायची. ती बदलापूरला यायला तयार झाली ती त्या बाकांच्या भरवशावर, हे बाबा सोडून सगळ्यांना कळलं होतं.

नव्वदच्या आसपास आम्ही राहायला गेलो. दुकानं आली, गिरणी आली, दवाखाना आला. बाग काही येईना. हिरव्या चौकोनात खडी आणि गंजलेल्या सळया. बाबा विचारायला गेले की बिल्डरचा माणूस म्हणायचा, पाऊस पडू द्या. पाऊस पडला की म्हणायचा, पाऊस संपू द्या. मला त्याची चीड यायची, आणि बाबांची त्याहून जास्त, कारण ते दर वेळी पटल्यासारखा चेहरा करून परत यायचे. शेवटी सोसायटीनेच वर्गणी काढून बाग केली. हिरवळ, गुलाब, गुलमोहराची रोपं, सिमेंटची बाकं. उद्घाटनाला पेढे वाटले. आईने चटई झटकून दाराशी काढून ठेवली.

दुसऱ्याच आठवड्यात फाटकाला कुलूप! का, तर बाग खराब होईल म्हणून. आता यावर काय बोलणार? आमच्याकडे प्रत्येक घरात चांगले कप शोकेसमध्ये आणि कान तुटलेले वापरात. त्याच माणसांनी बाग केली, ती तरी वापरात कशी येणार? किल्ली सेक्रेटरींच्या घरी, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. माळी आला की खाली जायची, माळी गेला की पुन्हा वर.

एका दुपारी आई माळ्यामागोमाग आत शिरली. चटई टाकली, विठ्ठलवाडीहून आणलेला गठ्ठा सोडला आणि शेजारच्या दोघींना हाक मारली. जरा वेळाने सेक्रेटरी खाली आले. "वहिनी, तुम्ही बसा हो, तुमचं काही नाही. पण हे धागेबिगे... पाहुणे येतात, बरं दिसत नाही. ही काय चाळ आहे का?" शेजारच्या दोघी लगेच उठल्या. आईने गठ्ठा बांधला. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांदेखत विचारलं, "बाग बसायला असते की बघायला?" बाबांनी मागून माझी ओढणी खेचली. बरीच चर्चा होऊन ठराव झाला की रविवारी संध्याकाळी बाग उघडावी, मात्र गवतावर कुणी पाय देऊ नये. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग आईने आपला मार्ग काढला. दुपारची भांडी झाली की पिशवीत चष्मा आणि कात्री टाकायची, गाडी पकडायची आणि विठ्ठलवाडीला उतरून जुन्या अंगणात जाऊन बसायची. संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत. बाबांचं डोकं फिरायचं. "एवढी बाग असलेलं घर घेतलं आणि ही बसायला चाळीत जाते! लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, फाटक उघडा," आई म्हणायची.

असं काही वर्षं चाललं. मग चाळीचीही पाळी आली. चाळ पाडून तिथे इमारती उठणार होत्या. चाळमालकाने अंगणातच सभा बोलावली आणि बायकांनी आईला मुद्दाम बोलावून घेतलं. "ताई, तुम्ही असल्या बिल्डिंगमध्ये राहून बघितलंय. काय विचारायचं ते तुम्हीच विचारा." मीही सोबत गेले. बिल्डर नवा, नकाशा नवा, हिरवा चौकोन मात्र तोच, आणि तो नेमका आम्ही बसलो होतो तिथे. बायका खूश होत्या. घरात नळ, घरात संडास. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. बदलापुरात आम्हालाही ते सुख लागलंच होतं.

आईने विचारलं, "बागेची किल्ली कुणाकडे राहणार?"

बिल्डर हसला. "मावशी, बागेला कधी किल्ली असते का?" बायकाही हसल्या.

आई हसली नाही. ती चटईवरून उठली, नकाशाजवळ गेली आणि हिरव्या चौकोनाच्या कडेला आपलं निळसर बोट ठेवलं. "हे फाटक काढलंय ना तुम्ही इथे. ते पुसा."

त्याने एकदा चाळमालकाकडे पाहिलं. मग आईला समजावत म्हणाला, "असं कसं, मावशी? फाटक तर लागणारच. नाहीतर कुणीपण येऊन बसेल."

आणि अंगणात चटयांवर बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या.