ज्ञानदेवचे उच्चार

ज्ञानदेव मेश्राम काय बोलतो ते कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी आपले कान तपासून घ्यावेत. अमेरिकेतल्या अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तो भिंतीपलीकडे राहतो. भिंत कसली, पुठ्ठाच तो. त्याचं मराठी, त्याचं इंग्रजी आणि बायकोशी, सुजाताशी, होणारी भांडणं हे सगळं मला बसल्या जागी ऐकू येतं. शब्द न् शब्द कळतो.

तो नागपूरचा. थोरल्या भावामागोमाग विशीत इकडे आला, नागरिक झाला. एक्याऐंशीत संपावर गेलेल्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरांना सरकारने घरी बसवलं आणि नवी भरती काढली, तेव्हा परीक्षा देऊन हा आत शिरला. दुसऱ्यांच्या पोटावर पाय दिलास, असं त्याला ऐकवणारेही भेटले. त्याने ऐकून घेतलं आणि काम शिकला.

काम असं: समोर रडार, कानावर हेडफोन. विमानांना सांगायचं, इतक्या उंचीवर राहा, अमुक दिशेला वळा. वैमानिकाने तो हुकूम तोंडाने परत म्हणून दाखवायचा, म्हणजे नीट पोचला हे कळतं. नियम हा. पण गर्दीच्या वेळी वैमानिक बोलायचा कंटाळा करतात आणि माइकचं बटण नुसतं दोनदा दाबतात. कंट्रोलरच्या कानात टिक-टिक होते. म्हणजे म्हणे 'समजलं'. कुणाला समजलं, काय समजलं, देव जाणे.

ज्ञानदेव टिक-टिक घेत नसे. नाव घेऊन पुन्हा विचारायचा. त्याचा सुपरवायझर हॉलिस यावर भयंकर चिडायचा. "तुझ्यामुळे लाइन तुंबते. सगळे घेतात, तूही घे." वर्षाच्या शेऱ्यात 'संथ' असं आलं. दुसऱ्या वर्षीही तेच आलं. शेवटी ज्ञानदेवही टिक-टिक घेऊ लागला. नोकरी करायची तर साहेबाचा शब्द किती दिवस मोडणार?

आणि चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळच्या गर्दीत, त्याने वर चढणाऱ्या एका विमानाला पाच हजार फुटांवर थांबायला सांगितलं. वरून दुसरं आडवं जात होतं. उत्तर आलं टिक-टिक. त्याने ते धरलं आणि पुढच्या विमानाकडे वळला. ती टिक-टिक भलत्याच विमानाची होती, आधीच्या कुठल्या तरी हुकुमाला दिलेली. चढणाऱ्या विमानातले दोघे आपसात बोलण्यात गुंतले होते. त्यांनी ऐकलंच नव्हतं. विमान चढत राहिलं. ज्ञानदेवला रडारवर दोन ठिपके जवळ येताना दिसले आणि त्याने वरच्या विमानाला ताबडतोब डावीकडे वळायला सांगितलं. ते वळलं. दोन विमानांतली माणसं घरी जाऊन जेवली.

चौकशीत कारण काय निघालं? कंट्रोलरचे परदेशी उच्चार! मला हे कळलं तेव्हा हातातलं पातेलं मी सिंकमध्ये आपटलं. अरे, त्याच उच्चारांत त्याने वरच्या विमानाला वळ म्हटलं, ते क्षणात वळलं ना? तेव्हा बरं कळलं! आणि टिक-टिक घे म्हणून दोन वर्षं मागे लागलेला हॉलिस चौकशीत काय बोलला? एक अक्षर नाही.

ज्ञानदेवला सांगण्यात आलं: उच्चारांमुळे घोटाळा झाला हे मान्य कर, बोलण्याच्या क्लासला जा, मग माइक परत मिळेल. नाहीतर माइक गेला.

त्या आठवड्यात दोघांना आम्ही जेवायला बोलावलं. मी भात वाढला. मग माझे यजमान, श्रीरंग, म्हणाले, "साइन करून टाक यार. काय फरक पडतो? आणि खरं सांगू, तुझा अ‍ॅक्सेंट थोडा इम्प्रूव्ह करायला हवाच."

मला इतका राग आला! यांचं स्वतःचं इंग्रजी बँकेतल्या बाईला तीनदा सांगावं लागतं.

ज्ञानदेव म्हणाला, "पुण्यात वर्षभर शिकायला होतो, श्रीरंगभाऊ, तिथं पण असंच म्हणायचे. तुझं बोलणं शुद्ध नाही. कोणी चुकलं की माझं बोलणंच निघायचं."

"पण जॉब जाईल रे."

"जॉब राहील, माइक जाईल. चूक माझी आहे, ती मी लिहून देतो. टिक-टिकला मी उत्तर समजलो. पण अ‍ॅक्सेंट लिहिलं तर फक्त मी क्लासला जाईन. बाकी सगळे टिक-टिकच करत राहतील."

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्याला रात्री झोप लागत नाही, वहिनी. माइक नाही मिळाला तरी चालेल. खोटं लिहून नाही झोपणार तो."

त्याने खरं तेच लिहून दिलं. ते कुणालाच नको होतं, कारण मग हॉलिसला विचारावं लागलं असतं आणि हॉलिसच्या वरच्यालाही. माइक गेला. आता त्याच खोलीत तो मागच्या टेबलावर बसून विमानांच्या नावांच्या कागदी पट्ट्या पुढे सरकवतो. पगार थोडा कमी, बोलायचं काम नाही. शरम वाटायला हवी होती कुणाला तरी. कुणाला वाटली नाही.

डिसेंबरमध्ये आम्ही भारतात निघालो, तेव्हा तोच आम्हाला विमानतळावर सोडायला आला. बॅगा उतरवताना श्रीरंगना उगाच हलकंफुलकं बोलायची लहर आली. "काय रे, आज आम्हाला वर कोण चढवणार?"

"तुमच्या वेळेला माझ्या जागेवरचा नवा मुलगा आहे," ज्ञानदेव म्हणाला.

"चांगला आहे ना?"

ज्ञानदेवने डिकी बंद केली.

"उच्चार एकदम स्वच्छ आहेत त्याचे," तो म्हणाला.