दुआचे हात

चार दिवसांनी नळ येतो, तेव्हा रिकामी घागर मोरीत ठेवताना ठणकन वाजते, अन् मला शुक्रवार पेठेतलं ते वाचनालय आठवतं. मैत्रीण पहिल्यांदाच चारचौघांत तिच्या दखनी कविता वाचत होती, मी मराठीत अर्थ सांगत होते. तिनं वाचलं, “भाषणां लंबे लंबे, घागर खाली, दुआ के हातां बी खाली.” तिला न्यायला आलेला थोरला भाऊ तेवढ्यात दारात उभा राहिला. त्याच्या कानावर पडलं ते माझं मराठीच, “घागर रिकामी, अन् दुआचे हातही खाली.” तो तिथूनच म्हणाला, “दुआ के हात नीचे करो बोलके लिखी क्या तू? बस हुआ. चल घर.” तिनं वही मिटली. टेबलावरचा रिकामा पेला मी पालथा धरला. म्हटलं, “भाईजान, तिचं खाली म्हणजे आमचं रिकामं. चुकली माझी जीभ, तिची कविता न्हाय.” तो पेल्याकडं बघत राहिला. मग बाकावर टेकत म्हणाला, “खाली तो हैंच. पढ आगे.” आता तिच्या दर वाचनाला तो पुढच्याच बाकावर बसतो, अन् खाली शब्द आला की तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघतो.