बेंबळीतलं एकमेव परकं घर

बेंबळीत ज्यू लोकांचं एकच घर आहे, आणि ते माझं आहे. आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले. वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बदलून इथं आले आणि इथलेच झाले. मी शाळेतही इथंच गेलो, आणि आता स्टँडजवळ पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देतो.

आमचं प्रार्थनामंदिर पुण्याला. तिथली मंडळी वर्षातला एक शब्बाथ एकत्र बसून शिकायला ठेवतात. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस. काम नाही, विस्तव नाही, विजेच्या बटणालाही हात नाही. यंदाचा विषय होता ‘परका कोण, आपला कोण’. हे सगळं बघणाऱ्या दीनाबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, एवढ्या लांब एकटे राहता, परकेपणा तुमच्याइतका कुणाला कळणार? आम्हीच तुमच्याकडे येतो, तुम्ही बोला.

मला ‘बोला’ असं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. (घरात याच्या उलट विनंती होते.) मी भाषण लिहायला घेतलं. पहिल्याच पानावर मला स्वतःची इतकी दया आली की डोळे पुसावे लागले. बायकोला, रिबेकाला, वाचून दाखवलं. तिनं भेंडी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"हे कुठल्या गावाबद्दल आहे?"

शुक्रवारी ऊन उतरताना मिनीबस आली. वेशीवर त्यांनी ज्यूंचं घर विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. हे कळल्यावर मला आतून बरं वाटलं. भाषणाला आयता पुरावा! पण मग दीनाबाईंनी ‘शनिवारी दुकान बंद ठेवतात ते’ असं विचारलं, तेव्हा पारावरची माणसं म्हणाली, असं म्हणा की, आपले शलोमभाऊ. आणि रस्ता दाखवायला म्हणून सगळी बसमध्येच चढली. माझ्या दारात जेवढं पुणं उतरलं तेवढीच बेंबळी उतरली.

संध्याकाळी दिवे लावले, मनुकांच्या शरबतावर आशीर्वाद म्हटला, छान पार पडलं. शनिवारी सकाळची प्रार्थना झाली आणि अंगणात सभा भरली. खाली अंथरलेल्या सतरंज्या शेजारच्या काकूंच्या भजनी मंडळाच्या होत्या, म्हणून सतरंज्यांबरोबर काकूही आल्या. मागोमाग माझा दोस्त रज्जाक, किराणा दुकानवाला, येऊन बसला. दोघांनाही रिबेकानं बोलावलं होतं. मला विचारलं नव्हतं.

मी कागद उघडला. घसा साफ करून म्हणालो, "या गावात आमचा शब्बाथ म्हणजे काय, हे कुणालाही ठाऊक नाही."

तेवढ्यात गेलेली वीज आली. आदल्या दिवशी चटणी वाटताना ती गेली होती आणि मिक्सरचं बटण तसंच चालू राहिलं होतं. स्वयंपाकघरात रिकामा मिक्सर बोंबलायला लागला. आम्ही सगळे धार्मिक चेहऱ्यानं एकमेकांकडे बघत बसलो. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"बसा तुमी, शलोमभाऊ. शनवार हाय न्हवं? तुमास्नी बटणाला हात लावायचा नसतोय." आत जाऊन मिक्सर बंद करून आल्या आणि म्हणाल्या, "हां, काय म्हनत हुता? कुनाला काय ठाव न्हाय?"

पुण्याची मंडळी हसली. मी ते पान घाईनं उलटलं. पुढच्या पानावर आमच्या मोठ्या उपासाचं वर्णन होतं. त्या दिवशी दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. मी आवाज जरा कापरा केला आणि वाचलं, की सगळं गाव जेवत असतं आणि मी एकटाच उपाशी, कुणाचीही सोबत नाही.

रज्जाकला ते फार लागलं. भला माणूस आहे. तो उभाच राहिला.

"एकटे कसे, शलोमभाई? दर साली त्या दिवशी दुपारी दुकानामागं बसून बिस्किटं खाता, तवा मी असतो की संगं."

पुढची काही वाक्यं मी रिबेकाकडे न बघता वाचली.

आता एकच जागा उरली होती, वडिलांच्या मृत्यूची. तिथं तरी कुणी मध्ये बोलणार नाही असं वाटलं. मी वाचलं, की परक्या मातीत माझ्या बापाला मूठभर माती द्यायलाही आपलं माणूस नव्हतं. खरंच कुणी मध्ये बोललं नाही. मग काकू हळू आवाजात दीनाबाईंना सांगायला लागल्या. यांच्या प्रार्थनेला यांचेच दहा पुरुष लागतात, म्हणून त्यांना आणायला काकूंचे मालक जीप घेऊन पुण्याला गेले होते. रज्जाकच्या वडिलांनी कब्रस्तानाच्या भिंतीलगतची जागा दिली होती. खड्डा गावातल्या पोरांनी खणला होता. काकू म्हणाल्या, "कंपाउंडरसायेबांनी आमची किती गुरं वाचवली. तवा आपलं मानूस न्हवतं कसं म्हनायचं?"

मला ते सगळं आठवत होतं. भाषणात बसत नव्हतं म्हणून घेतलं नव्हतं, एवढंच. मी कागद खाली केला.

दीनाबाईंनी डोळे टिपले आणि काकूंना विचारलं, "मग काकू, या गावात परकं कुणीच नाही का?"

"हाय की. म्या हाय."

काकूंचं माहेर आळंदच्या पलीकडचं, कर्नाटकातलं. लग्न होऊन आल्या, लेकरं झाली, नातवंडं झाली. तरी अजून सगळं गाव त्यांना ‘कानडी काकू’च म्हणतं. भजनात सूर चुकला तर कानडी, भाजी तिखट झाली तर कानडी. त्यांचं खरं नाव सुमन, पण ते मालकांच्या आणि रेशनकार्डाच्या पलीकडं गेलंच नाही.

"पण हे नाव ठेवलं कुणी?" दीनाबाईंनी विचारलं.

"ह्यांनीच," काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "म्या वरातीच्या गाडीतून खाली उतरले, तवाच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीनाबाई म्हणाल्या, शेवटचं काय लिहिलंय तेवढं वाचा आणि मग जेवू. शेवटी मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘परक्याचं मन या गावाला कधी कळलंच नाही.’

वाचलं. त्या वाक्यातलं गाव मीच होतो.