आप्पांच्या दोन प्रतिक्रिया

आप्पांच्या तोंडासमोर माईक धरायची गरज नव्हती. उभी हयात सूतगिरणीत गेली. तिथे यंत्रांच्या घरघरीत शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागायचं. पुढे गिरणी बंद पडली, आप्पांचा आवाज काही बंद पडला नाही. सकाळी ते बायकोला "चहा टाक" म्हणाले की आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना कळायचं, आप्पा उठले. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या घराला लागूनच. एखादं नवखं गिऱ्हाईक दचकून विचारायचं, "शेजारी भांडण लागलंय काय हो?" मी सांगायचो, "नाही, लाडात आलेत."

या आवाजामुळेच ते टीव्हीवर गेले. संध्याकाळी आम्ही दोघं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचो. म्हशी समोर उभ्या असतात, गवळी तिथेच धार काढतो आणि फेसाळ पेला हातात देतो. कोल्हापूरच्या माणसाला जगातल्या कुठल्याही विषयावर मत सुचायचं असेल तर ते हा पेला हातात आल्यावर सुचतं. जानेवारी सरत आला की गावातल्या एका चॅनलच्या रिपोर्टर बाई कॅमेरा घेऊन तिथे यायच्या आणि विचारायच्या, "बजेटकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?" पहिल्या वर्षी आप्पा नुसते मागे उभे होते. पण पुढे बोलणाऱ्या दुकानदारापेक्षा मागच्या आप्पांचंच जास्त ऐकू यायला लागलं, तेव्हा बाईंनी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. खाली पट्टी आली: 'सामान्य नागरिक'. त्या दिवसापासून कट्ट्यावर त्यांचं नावच 'सामान्य' पडलं. "आज सामान्य आलं न्हाईत व्हय?" असं गवळीसुद्धा विचारायचा.

आप्पांना हे मनापासून आवडायचं. बजेटच्या आठवड्यात मिशी कातरून घ्यायचे, सदऱ्याला इस्त्री करून आणायचे. एका वर्षी बाईंनी कुठूनसा फेटा आणला. कोल्हापूरचा सामान्य माणूस म्हटला की डोक्यावर फेटा हवा, असं त्यांच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी म्हणणं. आप्पांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "मॅडम, लग्नातल्या पावण्याला फेटा बांधत्यात. मी मागाय उभा हाय. मागणाऱ्याच्या डोस्क्यावर फेटा बघून सरकार म्हणंल, ह्येचं तर बरं चाललंय की." हे वाक्य अर्थातच टीव्हीवर आलं नाही. टीव्हीवर आलं ते "महागाई कमी व्हावी."

कट्ट्यावरची बजेटची चर्चा मी बरीच वर्षं ऐकली आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यात म्हशी तेवढ्या विचारपूर्वक गप्प असतात. फौंड्रीवाल्याला जीएसटी कमी हवा. हॉटेलवाल्याला गॅसवर सूट हवी. आमच्या गल्लीतले कॉलेजचे सर इन्कम टॅक्सच्या टप्प्यांवर असे बोलायचे, की अर्थमंत्री त्यांच्याच हाताखालून शिकून गेले असावेत. आप्पांचं निरीक्षण वेगळंच. "बघ की," ते मला म्हणायचे, "टॅक्स कमी करा म्हणणारा ताठ उभा ऱ्हाऊन बोलतोय. आणि पेन्शन वाढवा म्हणणारा वाकून. दोघंबी मागायलेतच की." एकदा सर म्हणाले, "अहो, तुमच्या पेन्शन वाढवायच्या म्हणजे शेवटी आमच्यासारख्या करदात्यांच्याच डोक्यावर बोजा." आप्पा काहीतरी बोलायला गेले, पण तेवढ्यात सरांनी काहीतरी विनोद केला आणि कट्टा हसला. मीही हसलो असेन. आप्पांनी पेला रिकामा केला, मिशीवरचा फेस पुसला आणि घरची वाट धरली.

त्यांची पेन्शन म्हणजे चेष्टा होती. गिरणीतल्या पगारातून आयुष्यभर कापून घेतलेल्या पैशांची पेन्शन. ती हातात आली आणि गॅसचा सिलिंडर घेतला की महिना तिथेच संपायचा. घर चालायचं ते आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पोळपाटावर. गल्लीच्या तोंडाशी विद्यार्थ्यांची खानावळ आहे. तिच्यासाठी आक्का घरी बसून रोज सकाळ-संध्याकाळ चपात्या लाटतात. लाटून लाटून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला आहे. आप्पांच्या एवढ्या गर्जनेत एक गोष्ट ते हळू आवाजात बोलायचे, ती ही. "पेन्शन वाढली की पयलं हिचं लाटणं काढून घेणार," मला म्हणायचे. म्हणून दर सोमवारी कलेक्टर कचेरीसमोर पेन्शनरांचं धरणं असायचं, तिथे ते न चुकता जायचे. घोषणा द्यायचं काम साहजिकच त्यांच्याकडे. त्यांच्या शेजारी मिस्त्री बसायचा. तो गिरणीतला जुना सोबती, एका डब्यात जेवलेला.

आता चॅनलवाल्यांची एक पद्धत सांगायला हवी. बजेटचं भाषण संपतं दुपारी, आणि लगेच लोकांच्या प्रतिक्रिया दाखवायच्या असतात. तेवढ्या वेळात गावभर कोण फिरणार? म्हणून अपेक्षा विचारायला येतात तेव्हाच बजेटनंतरची प्रतिक्रियाही उरकून ठेवतात. माणशी दोन. एक खूश, एक नाराज. बजेट जसं निघेल तशी त्यातली एक लावायची. मला हे कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. मग लक्षात आलं की सरकारही आपलं मत ऐकण्याआधीच बजेट छापून बसलेलं असतं, तेव्हा चॅनलला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फौंड्रीवाला दोन्ही प्रतिक्रिया एका दमात द्यायचा. सर तर खूश प्रतिक्रियेसाठी वेगळा कोट घालून यायचे.

आप्पा मात्र एकच द्यायचे, नाराजीची. बाई कितीदा म्हणाल्या, "आप्पा, खूशची पण देऊन ठेवा ना." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: "न झालेल्या लग्नाचं जेवाण मी जेवत न्हाय." आणि दरवर्षी त्यांचीच प्रतिक्रिया बरोबर निघायची. त्याचा त्यांना अभिमान होता की दुःख, ते मला कधी नीट कळलं नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या जानेवारीत पेन्शन वाढणार अशी जोरदार हवा होती. पेन्शनरांचे पुढारी दिल्लीला जाऊन आले होते आणि "या वेळी शंभर टक्के" असं सांगत होते. मोबाइलवर तसे मेसेज फिरत होते. आप्पांनी मिशी कातरून घेतली. कट्ट्यावर निघताना आक्का दारात आल्या आणि म्हणाल्या, "दर वर्षाला तोंड वाकडं करून बोलतासा. वाकड्या तोंडाला कोण काय देतंय? एकदा ग्वाड बोलून बघा की." आप्पा चपला चढवून बाहेर पडले. पण कट्ट्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे खूशची प्रतिक्रिया मागितली तेव्हा म्हणाले, "घ्या. आधी ती वाकडी घ्या, मग ही घ्या."

नाराजीची त्यांनी पाठ असल्यासारखी म्हणून टाकली. मग सदरा नीट केला. मी समोरच उभा होतो, म्हणून सांगतो, तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने डोळ्यांपुढे ते सगळं घडवून आणलं होतं. "सरकारनं आमचं ऐकलं," आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर त्यांचा आवाज खाली आला. "लई वर्सं उनात बसलो, त्येचं आज सोनं झालं. उद्यापास्नं आमची मालकीण लोकांच्या चपात्या लाटायची न्हाय. लाटली तर माझ्यापुरती लाटंल. मी सरकारचं आभार मानतो." मग बाहीने डोळे टिपले. बाईंनी कॅमेरा बंद केला आणि म्हणाल्या, "आप्पा, काय सुंदर दिलंत." गवळ्याने त्या दिवशी त्यांच्याकडून दुधाचे पैसे घेतले नाहीत.

बजेटात पेन्शनीचा एक शब्द नव्हता. भाषण मी दुकानात लावलं होतं, आप्पा स्टुलावर बसून शेवटपर्यंत ऐकत होते. भाषण संपलं तेव्हा उठले. "चला, आपली वाकडीच लागणार," म्हणाले आणि घरी गेले. दुपारी चॅनलवर प्रतिक्रिया सुरू झाल्या. फौंड्रीवाला खूश होता, सर खूश होते, कोटासकट. आणि मग आप्पा आले. खूश. डोळ्यांत पाणी, मागे म्हैस, आणि खाली पट्टी: 'पेन्शनर समाधानी'.

कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ऑफिसात बसलेल्या कुणा घाईतल्या माणसाने दोन क्लिपा बघितल्या असतील आणि त्यातली चांगली उचलली असेल. चांगली तीच होती. पण माझा राग अजून गेलेला नाही. भाषणात पेन्शन आहे का नाही, एवढं ऐकायचीही त्याला गरज वाटली नाही. सामान्य माणसाचं काय, तो दोन्हीकडे चालतो.

पुढच्या सोमवारी आप्पा धरण्याला गेले. मिस्त्री सरकून बसला नाही. मोबाइलवर ती क्लिप सगळ्यांनी पाहिली होती. "आप्पा," मिस्त्रीने सगळ्यांदेखत विचारलं, "किती घेतलंस?" आप्पांनी सांगून पाहिलं. आधी घेतलेली हाय, दोन घेत्यात, चुकीची लावली. पण स्वतःच्या तोंडाने बोललेलं माणूस कसं पुसणार? "मग आमच्यातल्या दुसऱ्या कुणाची कशी न्हाय लागली चुकीची?" असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या कुणाची घेतलीच नव्हती. आप्पा मला बरोबर घेऊन चॅनलच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने त्यांना चहा पाजला, "काका, काढून टाकतो" म्हणाला, आणि आप्पांबरोबर एक फोटो काढून घेतला. क्लिप निघाली नाही.

धरण्याला जाणं त्यांनी सोडलं नाही. पण घोषणा आता दुसराच कुणीतरी देई आणि आप्पा मागच्या बाजूला, झाडाजवळ बसत. मिस्त्रीशी बोलणं संपलं. पुढच्या जानेवारीत बाई आल्या तेव्हा आप्पा कट्ट्यावर नव्हतेच. त्यांनी दूध सोडलं होतं, पोटाला बाधतं म्हणाले. आणि त्यांचा आवाज गेला. घसा बसला वगैरे नव्हे. मोठ्याने बोलायचेच बंद झाले. सकाळी आप्पा कधी उठले ते गल्लीला कळेनासं झालं. एकदा दुकानात येऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "बोललो ते खोटं न्हवतं रे. आधी बोललो, एवढंच."

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. मातीला मिस्त्री आला होता. लांब उभा राहिला, आणि लोक परतायला लागले तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "घोषणा त्येनंच द्यावी." मी त्याला म्हणालो, हे आप्पांना ऐकू जाईल असं बोलायचं होतंस. कडूच बोललो, पण बोललो ते बरंच केलं. पेन्शन अजून तेवढीच आहे. नवऱ्यामागे बाईला त्यातलीही निम्मीच मिळते.

परवा संध्याकाळी आक्कांच्या काही कागदपत्रांच्या झेरॉक्स द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. जानेवारी सरत आलाय. आक्का खाली बसून चपात्या लाटत होत्या, समोर टीव्ही चालू होता. चॅनलवर बजेटचा कार्यक्रम होता, 'सामान्यांच्या आशा-अपेक्षा', आणि मी उंबऱ्यातच असताना पडद्यावर आप्पा आले. तोच सदरा, तीच म्हैस. जुनी क्लिप तशीच उचलून लावली होती. माणूस आहे की गेला, कुणी विचारलंही नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी पुढे होऊन रिमोट उचलला आणि टीव्ही बंद करणार, तेवढ्यात आक्कांनी पिठाचा हात वर केला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "हे मी कवाच पुरतं ऐकलं न्हाय. त्या दिशी त्येनीच टीव्ही बंद केल्ता."

पडद्यावर आप्पा सरकारचे आभार मानायच्या बेतात होते, त्या हळू आवाजात. आक्का पुढे वाकल्या.

"ऐकू येईना," म्हणाल्या. "आवाज वाढीव की जरा."

मी वाढवला. "उद्यापास्नं आमची मालकीण लोकांच्या चपात्या लाटायची न्हाय," आप्पा म्हणाले. आक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग जाहिरात लागली. बाहेर खानावळीचा माणूस येऊन उभा राहिला होता, म्हणून त्यांनी पुढचा गोळा पोळपाटावर घेतला.