दोन्ही पाय एकत्र शिवले तेव्हा

"पाय ठेवायचा की काढायचा, हे या आठवड्यात ठरवू," डॉक्टर म्हणाले आणि शेजारच्या खाटेकडे वळले.

मी पोलीस हवालदार. रबाळ्याच्या कारखान्यांच्या रस्त्यावर नाकाबंदीला उभा असताना रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका ट्रकने मला भिंतीशी चेपलं. डाव्या नडगीचं हाड मोडून बाहेर आलं. याला कंपाउंड फ्रॅक्चर म्हणतात, म्हणजे हाड तर मोडतंच, वरची कातडीही फाटते. हाड सळयांनी जागेवर बसवलं होतं, पण वरचं मांस सडत गेलं. ते कापून काढल्यावर नडगीवर तळहाताएवढी जागा उघडी पडली. उघड्या हाडात पू झाला की तो वर चढतो आणि मग गुडघ्याखालून पाय काढण्यावाचून इलाज राहत नाही.

हे ऐकून रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. ट्रकवाल्याचा, डॉक्टरांचा, डोक्यावरच्या पंख्याचा, समोर निवांत संत्रं सोलत बसलेल्या पेशंटचा. मी मुळात एका जागी बसणारा माणूस नाही. साधं जेवतानाही दोनदा उठतो, म्हणून बायको शैला करवादते. अशा मला उताणं टाकून ठेवलं होतं आणि नोकरी अख्खी उभ्या उभ्या करायची असते. पाय गेला तर हवालदार उरतो कुठे?

दोन दिवसांनी डॉक्टरांनी एक मार्ग सांगितला. क्रॉस-लेग फ्लॅप. उजव्या पोटरीची कातडी मांसासकट तीन बाजूंनी सोडवायची आणि डाव्या नडगीच्या जखमेवर शिवायची. चौथी बाजू उजव्या पायाला तशीच जोडलेली ठेवायची, कारण त्या तुकड्याला रक्त तिथूनच मिळणार. तो तुकडा नव्या जागी रुजेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, दोन्ही पाय एकमेकांना बांधलेले. प्लास्टर आणि मधे आडवी दांडी.

"एक झटका बसला आणि टाका तुटला तर फ्लॅप गेला," डॉक्टर म्हणाले. "फ्लॅप गेला की पाय गेला. चोवीस तास कुणीतरी जवळ लागेल. कूस बदलायला, बेडपॅन द्यायला आणि मुख्य म्हणजे तुम्हाला हलू न द्यायला."

शैला एकटी. माझे भाऊ गावाकडे, पोलीस ठाण्यातले सोबती बंदोबस्तात अडकलेले. मी म्हटलं, बघू.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळे नीट उघडले तर खाटेशेजारी दोन अनोळखी माणसं. एक जाडजूड चष्म्याच्या बाई, हातात डबा. दुसरा पन्नाशीचा, धिप्पाड, पांढरी टोपी घातलेला माणूस. त्याचे दोन्ही तळवे माझ्या गुडघ्यांवर ठेवलेले.

माझं पोलिसी डोकं लगेच सुरू झालं. नाव? गाव? कोणी पाठवलं?

"साहेब, जबानी नंतर घ्या, आधी पेज घ्या," बाई म्हणाल्या.

त्या जुबेदाताई. मूळच्या उरणकडच्या, जुईनगरात कापडाचं दुकान. दंगलीच्या दिवसांनंतर आमच्या हद्दीत रहिवाशांनी शांतता समिती काढली होती. ड्युटीवर जखमी झालेल्या पोलिसाला दवाखान्यात एकटं पडू द्यायचं नाही, असं त्या समितीने ठरवलं होतं आणि पाळ्या लावण्याचं काम जुबेदाताईंकडे होतं. टोपीवाले पांडुरंग मुकादम, पाटण तालुक्यातले, मार्केटातल्या हमालांच्या एका टोळीचे म्होरके. त्यांची टोळी पाळी देणार होती.

मला काही हे पटेना. माझ्या हद्दीतल्या माणसाकडून मी कधी कलिंगडाची फोडही घेतलेली नाही. आपल्यासाठी कोणी फुकट राबायला लागलं की पोलिसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, याचं काम कुठे अडलंय? मी तो तोंडावर विचारला.

"अडलंय की," मुकादम म्हणाले. "तुमचा पाय."

मी त्यांना जायला सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. वॉर्डातली माणसं बघायला लागली. शैलाने कपाळाला हात लावला. मुकादमांनी गुडघ्यांवरचे हात काही काढले नाहीत.

"सायेब, आमच्या टोळीनं मालाच्या गाडीला एकदा हात लावला की ती आमी अर्धी सोडत न्हाय. दुसऱ्या टोळीनं बी मग तिला शिवायचं न्हाय. आता तुमाला आमचा हात लागलाय. तवा गप पडा."

म्हणजे मी त्यांचा माल झालो होतो.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. प्लास्टरच्या आत मुंग्या यायच्या. पाठ जळायची. पाय हलवायचा नाही, हा एकच विचार दिवसभर डोक्यात घोंघावायचा, आणि तो विचार आला की नेमका पाय हलवावासा वाटायचा. मार्केटचं काम आटोपलं की टोळीतली माणसं पाळीपाळीने यायची. चौघं चादरीची चार टोकं धरून मला असं उचलायची की टाक्याला कळायचंही नाही. मी मात्र त्यांच्यावर खेकसायचो. उशी अशी नको, तशी हवी. पंखा लावा, बंद करा. ती बिचारी करायची.

आणि मग एका दुपारी आमचे वरिष्ठ साहेब भेटायला आले.

दारातून टोपी दिसली, छातीवरच्या फिती दिसल्या. मी तसा अर्धवट डुलकीत होतो. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या टाचा एकमेकींवर आपटायला गेल्या. पाठ ताठ झाली, हात कपाळाकडे गेला. झोपल्या झोपल्या मी सावधान झालो! प्लास्टर करकरलं आणि नडगीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

मुकादम अख्खे माझ्या गुडघ्यांवर आडवे पडले म्हणून पाय तेवढ्यावर थांबले.

साहेब पांढरे पडले. "अरे, काय करतोस!" एवढंच म्हणाले आणि डॉक्टरांना बोलवायला स्वतः धावले.

जखम तपासायला प्लास्टरमध्ये खिडकी कापून ठेवली होती, डॉक्टरांनी तिच्यातून पाहिलं. दोन टाके उसवले होते. फ्लॅपची एक कड जांभळी पडली होती. त्यांनी बोटाने कातडी दाबली, सोडली आणि पाहत राहिले. याला कॅपिलरी रिफिल म्हणतात. दाबल्यावर कातडी पांढरी होते, रक्त परत आलं की गुलाबी. लवकर गुलाबी झाली तर तुकडा जिवंत. "जांभळ्याचं काळं झालं आणि ते पसरलं, तर मला वाचवता येणार नाही," ते म्हणाले.

ट्रकने चेपलं तेव्हा माझी शुद्ध लगेच हरपली होती. खरी भीती मला आत्ता वाटली. कोणा दुसऱ्याने नाही, माझ्याच सलामाने माझा पाय घालवला असता. मी रडलो. मुकादमांचा हात धरून रडलो, शैला समोर असताना.

त्या दिवसापासून जुबेदाताईंनी वॉर्डाच्या दाराशी स्टूल टाकलं. येणाऱ्या प्रत्येक पोलिसाला तिथे अडवायचं. टोपी काढून, पट्टा काढून, शर्टावर साधा रुमाल टाकून आत. एका बड्या अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"टोपी राहू दे इथे, मी सांभाळते," ताई म्हणाल्या. "तुमचा मान आहेच ना. पण टोपी त्याला दिसली तर त्याचा पाय जातो."

अधिकारी निमूट उघड्या डोक्याने आत आले. येणाऱ्यांच्या टोप्या ताईंच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगांशेजारी पडलेल्या असायच्या, असं शैला हसत सांगायची. हसू आम्हाला त्या दिवसांत तेवढंच मिळालं.

कड काळी पडली, पण पसरली नाही. रोज डॉक्टर बोटाने कातडी दाबायचे आणि आम्ही सगळे ती गुलाबी व्हायची वाट बघायचो. पुढे त्यांनी फ्लॅपचा उजव्या पायाकडचा देठ रबराच्या नळीने आवळून पाहिला, उजवीकडून रक्त बंद केलं तर तुकडा जगतो का ते बघायला. अर्धा तास नळी तशीच ठेवली. तुकडा गुलाबीच राहिला.

"आता तो डाव्या पायाचा झाला," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी देठ कापला. माझे पाय वेगळे झाले.

हाड जुळायला पुढे बरेच महिने गेले. चालताना थोडं लंगडणं राहिलं आणि वायरलेसवर बसायची ड्युटी आली. पण पाय आहे. तुमच्या घरात कोणावर अशी वेळ आली तर मी इतकंच सांगेन, मदतीला आलेल्या माणसाची झडती घेऊ नका. मी घेतली, आणि ज्या शक्तीने पडून राहायचं ती भांडण्यात घालवली. त्या माणसांचे उपकार फिटणार नाहीत. फेडायचे आहेत असं आता वाटतही नाही.

वॉकर धरून पहिल्यांदा उभा राहिलो ती दुपार सांगतो आणि थांबतो. एका बाजूला शैला, दुसऱ्या बाजूला मुकादम. डावा पाय लटपटला, मग भार घेऊन थांबला. शैला सिस्टरना सांगायला पळाली. मुकादम म्हणाले, "वाईच टेकतो," आणि माझ्या रिकाम्या खाटेवर बसले. पहाटेपासून गाड्या उतरवून आलेला माणूस. बसल्या बसल्या आडवा झाला आणि घोरायला लागला.

वॉर्डबॉय त्यांना उठवायला आला. मी त्याला बोटाने गप्प केलं. पाय दुखत होता, घाम सुटला होता, बसायला दुसरी जागा नव्हती. शैला येईपर्यंत मी खाटेशेजारी तसाच उभा राहिलो.